ककाटूच्या मादीने तिसऱ्यांदा अंडी गिळली : चूक तिची की माझी?

काठावरची

इथे बौने सिक्लिड (टाकीत पाळायचे छोटे मासे) पाळणारे बरेच जण आहेत म्हणून धागा काढतेय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

टाकी ६० × ३० × ३० सेंमी, म्हणजे काठोकाठ भरली तर ५४ लिटर. एक नर आणि दोन माद्या, अपिस्टोग्रामा ककाटुऑइडिस, म्हणजे आपला ककाटू. सोबत १० निऑन टेट्रा आणि तळाशी फिरणारे ६ कोरी मासे. स्पंज फिल्टर, बारीक वाळू, एक ड्रिफ्टवूड, जावा मॉस आणि उपडी घातलेली एक नारळाची करवंटी. तापमान २८, पीएच ७.४. टाकी आठ महिने चालू आहे. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २० च्या आसपास.

पहिल्या खेपेला मोठ्या मादीने करवंटीच्या छताला लालसर अंडी चिकटवली. साठेक असतील. ती हळदीसारखी पिवळीधम्मक झाली, अंगावर काळ्या रेघा आल्या आणि स्वतःच्या दुप्पट मोठ्या नराला पिटाळून लावायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर करवंटी रिकामी आणि बाई पुन्हा करड्या.

तीन आठवड्यांनी दुसरी खेप. या वेळी अंडी टिकली, पण दुसऱ्या दिवसापासून एकेक करत पांढरी पडली. चौथ्या दिवशी सगळी कापसासारखी.

तिसरी खेप गेल्या आठवड्यात. अंडी छान होती, मी दर दोन तासांनी बघत होते. तिसऱ्या रात्री तिनेच खाल्ली. डोळ्यांदेखत!

आता सांगा, या मादीत आईपण नाहीच का? की दुसरी जोडी बघू?

शेवाळराव

अंडी काढून घ्या. विषय संपला.

करवंटी उचलायची, वेगळ्या डब्यात टाकीचंच पाणी भरून त्यात ठेवायची, शेजारी एअर स्टोनचे बुडबुडे सोडायचे आणि पाणी फिकट निळं होईल इतपत मिथिलीन ब्लू (बुरशी रोखणारं निळं औषध) टाकायचं. पांढरं पडलेलं अंडं ड्रॉपरने उचलून फेकायचं, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर चढते. तीन दिवसांत फुटतात. मी रॅम माशांची पिल्लं अशीच काढतो. आईबापांच्या मर्जीवर राहिलो असतो तर माझ्याकडे आजवर एक पिल्लू वाढलं नसतं.

तळगाळ

शेवाळराव, थांबा जरा. डॉक्टरांनी नाडी बघायच्या आधीच तुम्ही सुरी काढलीत.

काठावरची, तुमच्या तीन खेपा म्हणजे तीन वेगवेगळे आजार आहेत. तुम्ही तिन्हींचं खापर एकाच मादीवर फोडताय.

पहिल्या खेपेचा चोर तुम्ही स्वतःच पाळलाय. सहाच्या सहा कोरी रात्रभर वाळू हुंगत फिरतात. अपिस्टोला अंधारात दिसत नाही, कोरीला मिशांवर सगळं कळतं. शिवाय कोरीच्या अंगावर हाडांची चिलखतं असतात, मादीने कितीही धडका मारल्या तरी ती जागची हलत नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशातली गत. काही वेळा उलटंही होतं. चिडलेली मादी कोरीचे डोळे फोडते. ६० सेंमीच्या टाकीत हे दोघे एकत्र ठेवूच नयेत.

दुसऱ्या खेपेबद्दल मापाडी सांगतील, ते त्यांचं खातं.

तिसऱ्या खेपेबद्दल एकच प्रश्न. दर दोन तासांनी बघत होतात म्हणजे नक्की काय करत होतात?

काठावरची

टॉर्च मारत होते. करवंटीचं तोंड मागच्या बाजूला असल्याने दिसत नव्हतं, म्हणून दोनदा जरा तिरकी केली. अगदी हळू.

तळगाळ

😀 मिळालं उत्तर?

तिच्या बाजूने बघा. छत हलतंय, मध्यरात्री सूर्य उगवतोय आणि मावळतोय. ही जागा धोक्याची आहे, इथे पोरं जगणार नाहीत असं वाटलं की ती अंडी खाऊन टाकते आणि ती ताकद पुढच्या खेपेसाठी जपते. तिच्या हिशोबाने हा शहाणपणा आहे. शिवाय नवखी मादी पहिल्या दोनतीन खेपा अशीच वाया घालवते. त्यावरून तिला नापास करू नका.

मापाडी

हाक आली म्हणून आलो.

अंडी पांढरी पडली म्हणजे बहुतेक फळलीच नव्हती. बुरशी मेलेल्या अंड्यावर येते, जिवंत अंड्याला मारायला सहसा येत नाही. म्हणजे प्रश्न बुरशीचा नसून अंडी का फळली नाहीत हा आहे. मला दोन शक्यता दिसतात.

एक, पाणी जड असणं. मऊ पाण्यातल्या माशांची अंडी कॅल्शियम जास्त असलेल्या पाण्यात नीट फळत नाहीत. पण ककाटू या बाबतीत अपिस्टोंमधला (अपिस्टोग्रामा गटातला) सगळ्यात समजूतदार मासा, पेरूतल्या ज्या पाण्यातून तो येतो ते अगदी काळं आम्लधर्मी पाणी नसतं. पीएच ७.४ ला त्याची पिल्लं निघतात. तुम्ही पीएच दिलात पण जीएच (पाण्याचा एकूण जडपणा) आणि केएच (पीएच धरून ठेवणारा कार्बोनेटचा जडपणा) दिलेच नाहीत. ते मोजा. नुसता पीएच बघून पाण्याबद्दल बोलणं म्हणजे ताप न मोजता कपाळावर हात ठेवून औषध देणं. केएच जास्त असेल तर बदामाची पानं कितीही टाका, पीएच तसूभर हलणार नाही. आधी आरओचं पाणी मिसळून केएच उतरवा, मग पानांचा उपयोग.

दुसरी शक्यता, नर. करवंटीचं तोंड केवढं आहे? मादीला असं बीळ आवडतं ज्यात ती सहज शिरेल आणि नर जेमतेम. पण फारच अरुंद असेल तर नराचं वीर्य आत पोचत नाही. साडेतीन सेंमीच्या आसपास ठेवून बघा.

आणि २८ तापमान कशासाठी? ते रॅमचं आहे. ककाटूला २५-२६ पुरे. त्यामागे आणखी एक कारण आहे, पण ते पिल्लं झाल्यावर सांगतो.

नवाभिडू

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न : अपिस्टो आणि रॅम यांत फरक काय? मला दोन्ही छोटे आणि रंगीत दिसतात.

तळगाळ

बाळबोध अजिबात नाही, निम्मे घोटाळे इथेच होतात.

रॅम म्हणजे मिक्रोजिओफॅगस रामिरेझी. व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोको खोऱ्यातल्या गवताळ मैदानांत राहतो, उथळ आणि तापलेल्या पाण्यात. म्हणून २८ ते ३०. नर-मादीची जोडी जमते, अंडी उघड्यावर, सपाट दगडावर किंवा वाळूतल्या खड्ड्यात घालतात आणि राखण दोघं मिळून करतात.

अपिस्टो गुहेत अंडी घालतो. एका नराच्या इलाख्यात दोनतीन माद्या, प्रत्येकीचं वेगळं बीळ. अंडी आणि पिल्लं ही पूर्णपणे आईची जबाबदारी, बाप फक्त सीमेवर पहारा देतो. म्हणजे मनात आलं तर.

दोघंही वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून गाळतात. जिओफॅगस म्हणजेच माती खाणारा. त्यामुळे खडी नको, एक मिलिमीटरपेक्षा बारीक वाळू हवी. खडीवरचा अपिस्टो जगतो, पण त्याचा निम्मा दिवस रिकामा जातो. अपिस्टोग्रामा या नावाचा अर्थ म्हणाल तर बेभरवशाची रेघ. अंगावरची पार्श्वरेखा (माशाच्या कुशीवरची संवेदनेची रेघ) अर्धवट असते म्हणून १९१३ साली मत्स्यशास्त्रज्ञ रीगन यांनी हे नाव ठेवलं. बेभरवशाचा हा शब्द स्वभावालाही लागू आहे, पण तो योगायोग.

अर्धशिंपला

आणि कोणी शंखातल्या माशांचं नावच काढत नाही! टांगानिका सरोवरातले मल्टी, म्हणजे निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस. रिकाम्या शंखात राहतात, शंखातच अंडी घालतात, आणि मोठी भावंडं त्याच मोहल्ल्यात धाकट्यांसोबत राहतात. ना अंडी काढायची, ना आई वेगळी करायची. वाळू आणि शंख द्या आणि गप्प बसा.

मापाडी

अर्धशिंपला, खरंय, पण त्यांना नेमकं उलटं पाणी लागतं. जड आणि अल्कधर्मी. धागाकर्तीने उद्या शंख आणून ककाटूच्या टाकीत टाकले तर ते विरघळून तिची जीएच, केएच आणखी चढेल. अवांतर थांबवूया.

शेवाळराव

तळगाळ, तुम्ही मला सुरीवाला म्हणालात म्हणून विचारतो. बाजारातल्या रॅमच्या दहा जोड्या घ्या. किती जोड्या स्वतः पिल्लं वाढवतील? माझ्या अनुभवात एक. बाकीच्या नऊ अंडी घालतात आणि नाश्ता करतात. मग मी काय करू, तत्त्वज्ञान सांगू?

तळगाळ

प्रश्न रास्त आहे. पण त्या नऊ जोड्या अशा का झाल्या तेही बघा. मत्स्यशेतीवर पिढ्यान्‌पिढ्या अंडी काढून डब्यात फोडली गेली. जी जोडी अंडी खाते तिची पिल्लंही डब्यात तितकीच छान वाढतात आणि जी जोडी जिवापाड राखते तिचीही. म्हणजे चांगल्या आईला कसला फायदाच उरला नाही. दहावीस पिढ्या असं चाललं की काय उरणार? तुम्ही आज अंडी काढता कारण आईबाप खातात आणि आईबाप खातात कारण काल कोणीतरी अंडी काढली.

शेवाळराव

मान्य. पण ती एक जोडी ओळखायची तर तिला संधी द्यावी लागते, आणि संधी दिली की अंडी जातात. मी मध्य काढलाय. पहिल्या चार खेपा त्यांच्या, पाचवी माझी.

तळगाळ

यावर माझं भांडण नाही.

मूकवाचक

इतकी वर्षं नुसता वाचतोय, पण हे लिहावंसं वाटलं. रॅम घेताना सगळेच नर मिळाल्याचा अनुभव मलाही आहे. नंतर कळलं की रंग लवकर चढावा म्हणून काही ठिकाणी माशांना संप्रेरकं देतात. माद्याही नरासारख्या भडक दिसतात आणि मग त्या वांझ निघतात किंवा दोन महिन्यांत रंगच उतरतो. मादीचं पोट गुलाबी असतं आणि अंगावरच्या काळ्या ठिपक्यात निळे चमकते खवले असतात. नराच्या पाठपंखाचे सुरुवातीचे काटे लांब. हे बघितल्याशिवाय घेऊ नका, आणि लहानपणीच भडक असलेला मासा तर मुळीच नको.

काठावरची

सगळ्यांचे आभार. मी केलेले बदल :

कोरी दुसऱ्या टाकीत हलवल्या. तापमान २६ वर आणलं, पण एकदम नाही, तीन दिवसांत. केएच मोजला तर ९ निघाला (मापाडी, दंडवत). आता पाणी बदलताना निम्मं आरओचं घालतेय, तो ४ वर आलाय. करवंटीचं तोंड कानशीने घासून थोडं मोठं केलं. मागच्या आणि बाजूच्या काचांना काळा कागद लावला. तळाला बदामाची सुकी पानं पसरली, आठवडाभरात पाणी फिकट तपकिरी झालं आणि नराचे रंग एकदम खुलले.

आणि टॉर्च कपाटात ठेवला. किल्ली नवऱ्याकडे.

नवाभिडू

किल्ली नवऱ्याकडे 😂

पानं टाकून पाणी घाण होत नाही का?

मापाडी

रंगतं, पण घाण होत नाही. पानांतून टॅनिन आणि ह्युमिक आम्लं सुटतात, त्याने बुरशी आणि जिवाणू काहीसे आटोक्यात राहतात. पण माझ्या मते खरा फायदा पुढचा आहे. कुजत्या पानावर जो बुळबुळीत थर येतो त्यात सूक्ष्म जीव असतात, आणि पिल्लं सुरुवातीचे दिवस तोच थर टिपत फिरतात. शिवाय लपायला छप्पर. पानं आपोआप गळलेली आणि पूर्ण वाळलेली घ्या. हिरवं पान टाकलं तर मात्र पाणी खरंच नासतं.

एक इशारा. पीएच ६ च्या खाली उतरला की फिल्टरमधले नायट्रीकरण करणारे जिवाणू मंदावतात. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया कमी विषारी अमोनियमच्या रूपात असतो म्हणून लगेच कळत नाही. मग कोणीतरी एकदम जड, अल्कधर्मी पाणी ओततं, त्याच अमोनियमचा अमोनिया होतो आणि सकाळी मासे उलटे. पाणी बदला, पण थोडं थोडं.

काठावरची

अठराव्या दिवशी ती पिवळी झाली. मी काही बघितलं नाही. म्हणजे दुरूनच बघितलं.

आज आठवा दिवस, आणि करवंटीच्या तोंडाशी वाळू हलतेय असं वाटलं. वाळू नाही, पिल्लं आहेत! आई शेपटी आखडून अंगाला एक झटका देते की सगळी एकाच वेळी तळाला बसतात, आणि बसली की दिसतच नाहीत. मी खुर्ची सरकवली तेव्हा तेच झालं. दोन मिनिटांनी तिने काहीतरी वेगळी खूण केली आणि सगळी पुन्हा उठली.

आता काय खायला घालू? लवकर सांगा!

तळगाळ

अभिनंदन! आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा सूक्ष्म जीव, सुक्या अंड्यांतून काढतात) लावला नसेल तर आत्ता लावा. तोवर पानांवरचा थर आणि मॉस त्यांना एक दिवस पोसेल. जवळ मायक्रोवर्म (सूक्ष्म कृमी) असतील तर उत्तम, ते तळाला जातात आणि ही पिल्लंही तळाशीच असतात.

एक लिटर पाणी, २५ ग्रॅम मीठ. आयोडीनचं मीठ चालत नाही असं म्हणतात, माझ्याकडे वर्षानुवर्षं चालतंय. प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापून ती उलटी टांगा, एअर पंपाची नळी थेट खालच्या टोकापर्यंत सोडा. बुडबुडे जोरात हवेत, अंडी कुठेही साचता कामा नयेत. २७-२८ अंश आणि वर दिवा. चोवीस तासांत फुटतात, थंडी असेल तर छत्तीस. मग हवा बंद करा, दहा मिनिटं थांबा. टरफलं वर तरंगतात, नारिंगी जीव खाली गोळा होतात. खालून काढा, दाट विणीच्या फडक्यातून गाळा, गोड्या पाण्याने धुवा, आणि ड्रॉपरने थेट पिल्लांच्या घोळक्यात सोडा.

दिवसातून दोनतीनदा, थोडं थोडं. अर्ध्या तासाने पिल्लांची पोटं नारिंगी दिसली पाहिजेत. दिसली तर निर्धास्त राहा. आणि रोज ताजं काढा. फुटल्यावर काही तासांतच त्या जिवाच्या अंगातला पिवळा बलक संपत जातो, उद्याचा आर्टेमिया म्हणजे निम्मं पोषण. उकडलेल्या अंड्याचा बलक घालायचा सल्ला कोणी देईल, त्याच्या नादी लागू नका. पिल्लं खातील चिमूटभर आणि पाणी नासेल बादलीभर.

पाणी रोज दहा टक्के. त्याच तापमानाचं. नळीच्या तोंडाला स्पंज लावा, नाहीतर पिल्लं बादलीत मोजावी लागतील.

मापाडी

आता ते राहिलेलं कारण. अपिस्टोच्या पिल्लांत नर किती आणि माद्या किती हे बऱ्याच अंशी सुरुवातीच्या काही आठवड्यांतलं तापमान ठरवतं. रोमर आणि बाइझेनहेर्झ या संशोधकांनी १९९६ मध्ये अपिस्टोच्या तीसहून अधिक प्रजाती तपासून हे दाखवलं. गरम पाण्यात नर जास्त, गार पाण्यात माद्या जास्त, २६ च्या आसपास साधारण समतोल. पीएचचाही हात असतो. क्रिबेन्सिस या आफ्रिकी सिक्लिडमध्ये तर पीएचचा परिणाम ठळक दिसतो, आम्लधर्मी पाण्यात नर वाढतात.

म्हणजे तुमची २८ अंशांची टाकी तशीच राहिली असती तर तुम्हाला पुढे नरांचं वसतिगृह चालवावं लागलं असतं.

काठावरची

बाराव्या दिवशी मोजली. तीनदा मोजली आणि आकडे आले ३१, २७ आणि ३४. निऑन आधी काढायला हवे होते, चारपाच त्यांनी नक्की उचलली. आता तेही हलवले.

पण खरी बातमी वेगळीच आहे. आईने नराची शेपटी फाडली. तो कोपऱ्यात हीटरच्या मागे उभा असायचा, म्हणून त्याला काढला. नऊ दिवस झाले. आणि आता माझी धाकटी "मादी", जी इतके महिने निमूटपणे मॉसमध्ये बसायची, तिच्या पाठपंखाचे काटे वर यायला लागलेत आणि शेपटीत नारिंगी रंग उतरलाय!

तळगाळ

हा हा! अहो ती मादी नव्हतीच. ककाटूत दबलेला नर मादीचं सोंग घेऊन राहतो. मोठ्या नराला वाटतं बाई आहे, म्हणून मार बसत नाही. मालक गेला की हा कपडे बदलतो. मला एकाने दोन वर्षं असंच फसवलं होतं.

म्हणजे तुमच्याकडे दोन माद्या कधीच नव्हत्या. आणि त्या ३१-२७-३४ मधली काही पिल्लं कोणाची ते त्या आईलाच ठाऊक.

शेवाळराव

हे मात्र माझ्या डब्यात कधी बघायला मिळालं नाही. मानलं.

नवाभिडू

आईला पिल्लांपासून कधी वेगळं करायचं?

तळगाळ

तीनचार आठवड्यांनी ती पुन्हा अंड्यावर येते. तेव्हा जुनी पिल्लं तिला अडचण वाटायला लागतात आणि ती त्यांना पिटाळते. त्या वेळी पिल्लं हलवा, आईला नको. आधी हलवलीत तर पिल्लांविना राहिलेली मादी सैरभैर होते. मी माझ्या एका मादीला डाफ्नियाच्या (माशांना खायला घालायच्या पाणपिसवांच्या) घोळक्याची राखण करताना बघितलंय. दिवसभर त्यांना वळत होती आणि ती पोरं काही ऐकत नव्हती.

काठावरची

पंचविसावा दिवस. आज सकाळी ती परत पिवळी झालीये आणि करवंटीतली वाळू तोंडाने उपसून बाहेर फेकतेय. पिल्लं एक सेंमीची झाली. संध्याकाळी हलवतेय. नर कुठला ठेवू, जुना की सोंगाड्या?

शेवाळराव

सोंगाड्या! जुना आहे तिथे सुखात राहू दे.

मूकवाचक

माझी आर्टेमियाची उलटी बाटली झाकणाच्या भोकातून, नळीच्या कडेने गळतेय. काय लावू?

मापाडी

सिलिकॉन. पण डब्यावर बुरशीनाशक घातल्याचं लिहिलेलं नको, न्हाणीघरासाठी मिळतं त्यात ते असतं. लावल्यावर आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नका.